ओरॅकलशी भागीदारी झाली म्हणून शेअर घ्यावा का?

लातूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मार्केट यार्डात त्यांची आडत आहे आणि हंगाम संपला की ते थोडी रक्कम शेअरमध्ये टाकतात. एका छोट्या भारतीय आयटी कंपनीनं ओरॅकल या अमेरिकेतल्या डेटाबेस-सॉफ्टवेअर कंपनीबरोबर भागीदारी जाहीर केली, शेअर तीन-चार दिवसांत उसळला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आता हा थांबत नसतो’ असा सूर लागलाय. तो घ्यावा का, भारतात लिस्ट असलेली ओरॅकल घ्यावी, की सरळ अमेरिकेतली, असं त्यांनी विचारलंय.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सेबीकडं नोंदलेला सल्लागार नाही. वाळूज आणि शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये ईआरपी (म्हणजे माल, खरेदी, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवणं, त्याची माहिती जिथं साठते तो डेटाबेस सांभाळणं आणि रिन्युअलचं बिल आलं की मालकांची बोलणी खाणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. शेअर मी माझ्या पैशानं, माझ्या जबाबदारीवर घेतो. तेव्हा ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ हे इथं मिळणार नाही. तुमचं वय, तुमच्यावरची देणी, आडतीत अडकलेलं भांडवल यांतलं काहीच मला माहीत नाही आणि उत्तर बरंचसं त्यावरच आहे. अशी बातमी आली की मी ती कशी वाचतो, तेवढं सांगतो.

तुम्ही तीन शेअरांतून एक निवडताय असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते हे तीन अगदी वेगळे धंदे आहेत आणि तिन्हींना ओरॅकलचं नाव लागलंय एवढंच त्यांच्यात सारखं आहे. म्हणून मी आधी तीन गोष्टी बघतो: या भागीदारीत कोण कोणाला पैसे देतो, किती वर्षं देत राहतो आणि कंटाळून सोडून जायचं म्हटलं तर त्याला जाता येतं का?

जाता येतं का, इथूनच सुरू करतो, कारण डेटाबेसच्या धंद्याचं सगळं इंगित त्यातच आहे. ओरॅकलच्या एंटरप्राइझ एडिशनची छापील किंमत प्रोसेसरमागं ४७,५०० डॉलर. सूट मिळते, घासाघीस होते, तो भाग वेगळा. त्याच्यापुढं दरवर्षी सपोर्टचे म्हणून लायसन्सच्या रकमेच्या २२ टक्के द्यायचे. म्हणजे साडेचार-पाच वर्षांत घेतलेल्या किमतीएवढी रक्कम नुसत्या सपोर्टपोटी जाते, आणि पुढंही जातच राहते. नवा ग्राहक एकही मिळाला नाही तरी हा पैसा येतो. ओरॅकलच्या शेअरचा पाया कित्येक वर्षं हाच होता.

मग ग्राहक सोडून का जात नाही? दुचाकीचे सुटे भाग बनवणारा वाळूजचा एखादा मध्यम कारखाना घ्या. मोठ्या गिऱ्हाईकाच्या सॅपमधून (हेही एका मोठ्या कंपनीचं ईआरपी) त्याला डिलिव्हरीचं शेड्यूल येतं. माल निघण्याआधी त्या गिऱ्हाईकाच्या पोर्टलवर एएसएन, म्हणजे माल येतोय याची आगाऊ सूचना, चढवावी लागते, बारकोडचं लेबल ठरलेल्या नमुन्यातच लागतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्या सिस्टीममध्ये अर्धीअधिक तोडफोड झाली. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, ई-वे बिल त्याला जोडलं गेलं. हे सगळं डेटाबेसच्या आत पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्याच भाषेत लिहिलेलं असतं आणि ज्या पोरानं लिहिलं तो कधीचा पुण्याला गेलेला असतो. मालक बिल बघून चिडतो, ‘फुकटातलं काही नाही का?’ म्हणतो. आहे ना, पोस्टग्रेस आहे, चांगलं आहे, नव्या कामाला मी तेच सुचवतो. पण जुनं चालतं गाडं तिकडं हलवायचं तर सगळं नव्यानं लिहा, तपासा, आणि त्या धांदलीत एका शिफ्टचा माल निघाला नाही तर गिऱ्हाईकाची लाइन थांबते, दंड लागतो. मालक सगळं ऐकून घेतो आणि चेकवर सही करतो.

अ‍ॅमेझॉनकडं तर पैसा आणि माणसं दोन्ही भरपूर. तरी त्यांच्या ग्राहक-व्यवसायाला ओरॅकलमधून बाहेर पडायला कित्येक वर्षं लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सुमारे साडेसात हजार ओरॅकल डेटाबेसांमधला ७५ पेटाबाइट डेटा आपण स्वतःच्या सेवांवर हलवला. ही गोष्ट ‘बघा, बाहेर पडता येतं’ म्हणून सांगितली जाते. मला तीच गोष्ट उलटी दिसते: बाहेर पडल्याची बातमी करावी लागते, इतकं ते अवघड आहे.

हा चिवटपणा डोक्यात ठेवून आता भागीदारीकडं बघू.

सगळ्यात जास्त बातम्या असतात त्या पार्टनरच्या बिल्ल्याच्या. ओरॅकल, सॅप, मायक्रोसॉफ्ट, सेल्सफोर्स, सगळ्यांचे पार्टनर प्रोग्रॅम आहेत. इतके लोक सर्टिफाइड करा, इतकी विक्री दाखवा, की तुम्ही गोल्ड, प्लॅटिनम वगैरे. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल या सगळ्या या सगळ्यांच्या पार्टनर आहेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर हे बाजार समितीचं आडत्याचं लायसन आहे. त्याच्याशिवाय यार्डात बसता येत नाही, पण ते मिळालं म्हणून दारात सोयाबीनच्या गाड्या लागत नाहीत. शेजारच्या प्रत्येकाकडं तेच लायसन असतं. अशा बातमीवर शेअर उसळला असेल तर तो बातमीमुळं उसळला, धंद्यामुळं नाही, आणि मी त्याच्या मागं जात नाही.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष कामाचा. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडं बसवून देणं, जुन्यातून नव्यात नेणं. यात खरा पैसा आहे. सॅपचं उदाहरण बघा. जुन्या ईसीसी सिस्टीमचा मुख्य सपोर्ट २०२५ मध्ये संपणार होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सॅपनं तो २०२७ च्या अखेरीपर्यंत वाढवला, जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत. नवी एस-फोर-हाना फक्त सॅपच्या स्वतःच्या हाना डेटाबेसवर चालते. म्हणजे ज्यांचं सॅप ओरॅकलच्या डेटाबेसवर चालत होतं, त्यांना ईआरपी बदलताना डेटाबेसही बदलावा लागतो. एका तारखेनं सॅपनं डेटाबेसच्या विक्रेत्याला बाजूला केलं आणि सल्लागार कंपन्यांना काही वर्षांचं काम मिळवून दिलं. काम दोन कंपन्या बोलून ठरवतात त्यापेक्षा अशा सक्तीच्या तारखांमुळं जास्त येतं, हे माझं मत आहे. गल्लीतही तेच: माझ्याकडं सर्वांत जास्त काम ई-इनव्हॉइसच्या तारखा जवळ आल्या तेव्हा आलं.

पण या कामाला शेवट असतो. सिस्टीम बसली की प्रोजेक्ट संपतो, मग तुटपुंजं देखभालीचं काम उरतं. सपोर्टचे २२ टक्के सॉफ्टवेअरवाल्याकडं जातात, बसवणाऱ्याकडं नाही. आपल्याकडचं मास्टेक या आयटी कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. २०२० मध्ये त्यांनी इव्होसिस ही ओरॅकल क्लाउडची (क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले भाड्यानं घेतलेले सर्व्हर) कामं करणारी अहमदाबादची कंपनी घेण्याचं जाहीर केलं. हा नुसता बिल्ला नव्हता, त्यासोबत माणसं, ग्राहक आणि चालू कामं आली. मार्च २०२० च्या पडझडीत दोनशेच्या आसपास असलेला शेअर २०२१ मध्ये तीन हजारांच्या वर गेला. त्यात त्या काळातल्या सगळ्या आयटी शेअरांच्या तेजीचा वाटा होताच. २०२२ मध्ये तोच शेअर शिखरापासून निम्म्याच्या आसपास आला. ओरॅकलशी असलेलं नातं तेव्हाही तसंच होतं. ज्यांनी आधी घेतला त्यांना ते नातं फळलं, ज्यांनी गाजावाजा झाल्यावर घेतला त्यांनी त्याच नात्याची किंमत वरच्या भावानं मोजली.

तिसरा प्रकार मला सगळ्यात रंजक वाटतो: एकमेकांचे स्पर्धकच भागीदार होतात तो. २०१७ मध्ये ओरॅकलनं नियम बदलले आणि अ‍ॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ओरॅकल डेटाबेस चालवणं लायसन्सच्या हिशेबानं जवळजवळ दुप्पट महाग करून ठेवलं. हेतू उघड होता, ग्राहकानं आपल्याच क्लाउडवर यावं. ग्राहक आला नाही. त्याची बाकीची सॉफ्टवेअरं मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर, डेटाबेस मात्र आपल्या जुन्या सर्व्हर रूममध्ये, असं अर्धवट चित्र राहिलं. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला एकत्र बसले आणि ओरॅकलची यंत्रं अझूरच्या डेटा सेंटरमध्येच ठेवायचं ठरलं. जून २०२४ मध्ये गूगलशी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनशी तसाच करार झाला.

यातली एक गोष्ट बातमीत सहसा नसते. मोठ्या ग्राहकांनी क्लाउडवाल्याला ‘पुढच्या काही वर्षांत इतका खर्च करू’ असा शब्द देऊन सूट घेतलेली असते. तो खर्च पुरा झाला नाही तर त्यांचंच नुकसान. भागीदाराचं सॉफ्टवेअर त्याच क्लाउडच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे त्याच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलं तर ते त्या कबूल केलेल्या रकमेत धरलं जातं. म्हणजे ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्याला नवीन बजेट मंजूर करून घ्यावं लागत नाही. खरेदीखात्यात फाइल किती महिने फिरते हे ज्यानं पाहिलंय त्याला याचं मोल कळेल. अशी भागीदारी मी गंभीरपणे घेतो, कारण तिच्यामुळं विक्रीतला अडथळाच निघून जातो.

मोंगोडीबी या अमेरिकेतल्या डेटाबेस कंपनीचं बघा. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉननं तिच्या डेटाबेससारखाच चालणारा डॉक्युमेंटडीबी बाजारात आणला आणि मोंगोडीबीचा शेअर एका दिवसात साधारण १३ टक्के पडला. ‘संपली कंपनी’ असंच वातावरण. पण ती घसरण पुढच्या काही महिन्यांत भरून निघाली, कारण मोंगोची स्वतःची क्लाउड सेवा, अ‍ॅटलस, वाढत राहिली. २०२२ मध्ये त्याच अ‍ॅमेझॉनबरोबर तिचा अनेक वर्षांचा सहकार्य करार झाला. अ‍ॅटलसवर कोणी काम चालवलं तर अ‍ॅमेझॉनचे सर्व्हर आणि साठवण विकली जाते, मग भांडून फायदा काय? स्पर्धक भागीदार झाला याचा अर्थ एवढाच की ग्राहक त्या डेटाबेसला सोडत नव्हते. भागीदारी त्या ताकदीच्या मागून आली.

नावाजलेल्या भागीदारांचा आधार शेअरला किती काळ पुरतो, हे बघायचं तर स्नोफ्लेक, क्लाउडवर डेटा साठवून देणारी अमेरिकेतली कंपनी. सप्टेंबर २०२० च्या आयपीओत वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं आणि सेल्सफोर्सनं पैसे घातले. १२० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर बंद झाला, २०२१ च्या शेवटी ४०० च्या जवळ पोचला, आणि २०२२ मध्ये दीडशेच्या खाली आला. कंपनीची विक्री या सगळ्या काळात वाढतच होती. भाव मात्र आधीच पुढच्या कित्येक वर्षांचं पीक धरून बसला होता. २०२४ मध्ये बर्कशायर त्यातून पूर्ण बाहेर पडली.

आता तुमचे तीन शेअर.

अमेरिकेतली ओरॅकल आज जुन्या सपोर्टच्या पैशांवर चालणारी निवांत कंपनी उरलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिनं सांगितलं की सही झालेल्या पण अजून महसुलात न आलेल्या करारांची रक्कम ४५५ अब्ज डॉलर झाली आहे. आधीच्या संपूर्ण आर्थिक वर्षाचा तिचा महसूल होता सुमारे ५७ अब्ज. दुसऱ्या दिवशी शेअर एका दमात ३६ टक्के वर बंद झाला. नंतर बातम्या आल्या की त्या रकमेतला फार मोठा हिस्सा चॅटजीपीटीवाल्या एकट्या ओपनएआयच्या करारातला आहे. डिसेंबरमध्ये हा आकडा ५२३ अब्ज झाला, आणि त्या निकालानंतर शेअर उलट सुमारे ११ टक्के पडला. सप्टेंबरच्या शिखरापासून तोवर तो एक तृतीयांशाहून जास्त उतरला होता. करार वाढले आणि शेअर पडला, हे कसं? कारण लोकांनी तोवर दुसरा हिशेब मांडला होता: या करारांसाठी डेटा सेंटर आधी उभारावी लागतात, त्यासाठी कर्ज काढावं लागतं, आणि पैसे देणारा मुख्य ग्राहक अजून स्वतःच तोट्यात आहे. जुन्या धंद्यात ओरॅकलचे ग्राहक असंख्य आणि अडकलेले होते. नव्या धंद्यात एकाच ग्राहकावर फार मोठी भिस्त आहे. म्हणून वर मी ज्या तीन गोष्टी बघतो म्हटलं, त्यांची उत्तरं एकाच कंपनीच्या दोन धंद्यांत दोन निघतात. डेटाबेसच्या चिवटपणासाठी ओरॅकल घेत असाल तर त्यासोबत हे दुसरं ओझंही घेताय.

भारतात लिस्ट असलेली ओरॅकल म्हणजे ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर. ही मूळची आय-फ्लेक्स, सिटी बँकेच्या घराण्यातून निघालेली. ओरॅकलनं २००५ मध्ये सिटीचा हिस्सा घेतला, २००८ मध्ये नाव बदललं. आज सुमारे ७३ टक्के हिस्सा ओरॅकलकडं आहे. धंदा आहे बँकांच्या सॉफ्टवेअरचा, फ्लेक्सक्यूब वगैरे. अमेरिकेतल्या डेटाबेसचा सपोर्ट किंवा ओपनएआयचा करार यांतला रुपयाही इथल्या ताळेबंदात येत नाही. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडची बातमी आली त्याच दिवशी इकडंही शेअर उसळला. बँका कोअर सिस्टीम सहजी बदलत नाहीत, त्यामुळं चिवटपणा इथंही आहे, आणि लाभांशाच्या बाबतीत कंपनीचा हात सैल राहिलाय. लाभांशासाठी आणि बँकिंग सॉफ्टवेअरसाठी कोणी ती घेत असेल तर मला समजतं. ‘एआयमध्ये ओरॅकल मोठी होतेय म्हणून’ घेत असेल तर त्यानं आधी तिचा वार्षिक अहवाल उघडावा.

राहिली तुमच्या ग्रुपवरची छोटी कंपनी. तिचं नाव तुम्ही दिलेलं नाही, ते बरं केलंत. एक्स्चेंजला दिलेलं मूळ पत्र काढा, बातमी नको. त्यात रकमेचा आकडा आहे का बघा. सेबीच्या नियमानुसार उलाढालीच्या २ टक्के, नेटवर्थच्या २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांतली जी सगळ्यात लहान रक्कम, तिच्यावर परिणाम होणारी घटना कळवावीच लागते. नफा थोडा असलेल्या कंपनीसाठी ही मर्यादा फारच खाली येते. तरीही पत्रात आकडा नसेल तर एक तर ग्राहकाच्या गुप्ततेची अट आहे किंवा सांगण्यासारखा आकडाच नाही. पहिलं कारण खरं असू शकतं, मी ते नाकारत नाही. अशा वेळी मी पुढचे दोन-तीन तिमाही निकाल बघतो: माणसं वाढली का, विक्री वाढली का, आणि येणे बाकी विक्रीपेक्षा वेगानं फुगतेय का. आडतीचा माणूस म्हणून हा शेवटचा मुद्दा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. विक्री कागदावर आणि उधारी वर्षभर, हे लक्षण तुम्ही लांबून ओळखाल.

वार्षिक अहवालात आणखी एक टीप शोधा: एकाच ग्राहकाकडून १० टक्क्यांहून जास्त महसूल येत असेल तर लेखा-मानकांप्रमाणं ते सांगावं लागतं. पुण्याच्या पर्सिस्टंट या आयटी कंपनीच्या महसुलात एके काळी एकट्या आयबीएमचा वाटा बराच मोठा होता आणि विश्लेषक दर तिमाहीला त्यावरच बोट ठेवायचे. कंपनीनं पुढं इतर ग्राहक वाढवत नेले तेव्हा शेअरकडं बघण्याची नजर बदलली. तुमच्या छोट्या कंपनीचा भागीदार हाच तिचा सगळ्यात मोठा ग्राहक निघाला, तर ती भागीदारी म्हणजे मजुरीचं काम आहे. त्यात वाईट काही नाही, पण मजुरीच्या कामाला मजुरीचाच भाव द्यावा.

अमेरिकेतली ओरॅकल घ्यायचं ठरलंच तर कागदपत्रांचं. पैसे एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून जातात, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात १० लाख रुपयांच्या पुढं गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (वर आलेली कंपनी नव्हे, आगाऊ घेतला जाणारा कर) कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर पैसे अडकतात. लाभांशावर तिकडं २५ टक्के कापले जातात, त्याचं क्रेडिट इकडं मिळतं. शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, एकच शेअर असला तरी. आणि तिकडची गुंतवणूक ६० हजार डॉलरच्या वर गेली तर मालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. घरच्यांना या खात्याची माहिती आणि कागद कुठं आहेत ते आजच सांगून ठेवा.

त्या छोट्या कंपनीचं एक्स्चेंजचं पत्र सापडलं की त्यातला मजकूर इथं टाका. नाव झाकून टाकलंत तरी चालेल, ओळी बघून नुसता बिल्ला आहे की काम, एवढं मी सांगू शकेन.